तालुक्याचं जनऔषधी केंद्र: गोळी चोख, पण कपाटात असली तर

बीपीची टेल्मिसार्टन, शुगरची मेटफॉर्मिन, पोटाची पँटोप्राझोल आणि रक्त पातळ ठेवायची अ‍ॅस्पिरिन ७५. साठी ओलांडलेल्या कास्तकाराच्या प्लास्टिकच्या पिशवीत या चारपैकी दोन तरी निघतातच. अशा रोजच्या, जन्मभराच्या गोळ्यांसाठी तालुक्याच्या गावचं प्रधानमंत्री भारतीय जनऔषधी केंद्र (जेनेरिक, म्हणजे ब्रँडऐवजी घटकाच्या नावानं, स्वस्तात औषध विकणारं सरकारी योजनेतलं दुकान) कितपत कामाचं आहे, ते इथे तपासलं आहे. गाव म्हणजे विदर्भातल्या वडसा, चिमूर, दारव्हा, मंगरूळपीर या मापाचं: आठवडी बाजार, ग्रामीण रुग्णालय, एसटी स्टँड आणि स्टँडसमोर ओळीनं चार-सहा मेडिकल. नागपूर-अमरावतीच्या केंद्रांवरून इथला अंदाज बांधू नका. माल तोच असतो, पण पुरवठ्याची गत वेगळी.

निकाल आधीच सांगून टाकतो. किमतीला पैकीच्या पैकी गुण. दर्जाबद्दल जी कुजबुज चालते तिच्यात फार दम नाही. साठ्यात मात्र केंद्र जेमतेम पास होतं, आणि काउंटरमागे फार्मासिस्ट नसेल तर सरळ नापास.

जनऔषधीकडे वळण्याआधी ग्रामीण रुग्णालयाची खिडकी गाठा. १५ ऑगस्ट २०२३ पासून महाराष्ट्रात सार्वजनिक आरोग्य विभागाच्या सगळ्या दवाखान्यांत तपासणी, उपचार आणि औषधं मोफत आहेत. बीपी-शुगरच्या साध्या गोळ्या प्राथमिक आरोग्य केंद्रातही मिळतात, सिकलसेलच्या रुग्णांनी तर पहिली विचारणा तिथेच करावी. साप चावला तर कोणत्याच दुकानाकडे पाहायचं नाही, थेट सरकारी दवाखाना. तिथे नसलेली, किंवा दर खेपेला पंधराच दिवसांची मिळणारी गोळी विकत घ्यायची वेळ आली की मग केंद्राचा प्रश्न येतो.

किमतीचं गणित नीट समजून घेतलं तर फसगत होत नाही. ब्रँडेड औषधापेक्षा ५० ते ९० टक्के स्वस्त, असं सरकार सांगतं. ते खरं आहे, पण प्रत्येक गोळीला सारखं लागू नाही. अत्यावश्यक औषधांच्या यादीतल्या गोळ्यांना २०१३ च्या औषध किंमत नियंत्रण आदेशाखाली कमाल किंमत ठरवून दिलेली असते. बाजारात एक टक्का किंवा त्याहून जास्त हिस्सा असलेल्या कंपन्यांच्या किमतींची सरासरी काढायची आणि वर दुकानदाराचे १६ टक्के धरायचे, अशी ती पद्धत. साधी पॅरासिटामॉल म्हणून सगळीकडेच स्वस्त, आणि तिच्यात केंद्रात वाचतात ते दोन-चार रुपये. खरी तफावत यादीबाहेरच्या औषधांत असते. तिथे पहिली किंमत कंपनी ठरवते, आणि सरकारचं बंधन एवढंच की वर्षाला १० टक्क्यांपेक्षा जास्त वाढवायची नाही. दोन-तीन घटक एकत्र केलेल्या गोळ्या, नवी शुगरची औषधं आणि ताकदीच्या गोळ्या बऱ्याचदा या गटात येतात. महिन्याचं बिल हजाराच्या घरात जातं ते यांच्यामुळे, आणि केंद्रात ते खाली येतं तेही यांच्यामुळेच.

स्टँडसमोरचं मेडिकल 'वीस टक्के सूट' म्हणतं तेव्हा ती कोणत्या एमआरपीवर, हे विचारायचं. काही जेनेरिक गोळ्यांच्या पाकिटावर एमआरपी ब्रँडच्या बरोबरीनं छापलेली असते आणि दुकानदाराला ती त्याच्या कितीतरी कमी भावात पडलेली असते. वीस टक्के सोडूनही त्याला भरपूर उरतात. जनऔषधीच्या पाकिटावर छापील किंमतच कमी असल्यामुळे घासाघीस करायला जागा राहत नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून बहुतेक औषधांवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला आहे. जुनी एमआरपी छापलेला माल हाती आला तर बिलात फरक धरला आहे की नाही, ते पाहा.

खेड्यावरून येणाऱ्यानं भाडंही हिशेबात धरावं. महिलांना एसटीचं अर्धं तिकीट आहे, ७५ च्या पुढच्यांना प्रवास फुकट आणि ६५ ते ७५ वाल्यांना अर्धं. मग औषध आणायला घरातल्या म्हाताऱ्यालाच पाठवलेलं स्वस्त, अशी गंमत होते. दर महिन्याला खेप करण्यापेक्षा डॉक्टरांकडून दोन-तीन महिन्यांची चिठ्ठी लिहून घ्यावी आणि बाजाराच्या दिवशी एकदम उचलावं. मात्र वर्षभराचा साठा घरात करू नका. त्याचं कारण पुढे कूलरच्या गोष्टीत येईल.

आता दर्जा. 'स्वस्त आहे म्हणजे काहीतरी कमी असणार' हे वाक्य पारावर रोज ऐकू येतं. योजनेची खरेदी फार्मास्युटिकल्स अँड मेडिकल डिव्हायसेस ब्युरो ऑफ इंडिया ही संस्था निविदा काढून करते. माल डब्ल्यूएचओ-जीएमपी (जागतिक आरोग्य संघटनेच्या चांगल्या उत्पादन पद्धतीचं) प्रमाणपत्र असलेल्या कारखान्यांकडूनच घेतला जातो आणि प्रत्येक बॅच एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारं राष्ट्रीय मंडळ) मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत तपासून मगच गोदामाबाहेर पडते. पैसा वाचतो तो डॉक्टरांकडे बॅग घेऊन फिरणारे एमआर, जाहिराती आणि मधल्या व्यापाऱ्यांची साखळी नसल्यामुळे. तपासणीत बॅच नापास होतच नाही असं कोणी समजू नये. होते, आणि परत जाते. त्याची झळ गुणवत्तेला बसण्याऐवजी साठ्याला बसते.

स्ट्रिप हातात घेऊन उलटी करा आणि वाचा. वर घटकाचं नाव आणि मात्रा, उदाहरणार्थ 'टेल्मिसार्टन ४० मिग्रॅ'. त्याखाली बॅच नंबर, बनवल्याची आणि मुदत संपण्याची तारीख, एमआरपी, निर्मिती परवाना क्रमांक, कारखान्याचं नाव-पत्ता आणि जनऔषधीचं चिन्ह. डाव्या कडेला लाल उभी रेघ आणि 'आरएक्स' असेल तर ती चिठ्ठीशिवाय द्यायची गोळी नाही. एका ओळीत लिहिलेलं असतं, ३० अंशांखाली ठेवा, किंवा २५ अंशांखाली ठेवा. विदर्भात सगळ्यात महत्त्वाची ओळ हीच, आणि ती कोणी वाचत नाही.

चिठ्ठी आणि केंद्रातली गोळी जुळवताना सगळ्यात जास्त चुका शेवटच्या अक्षरांत होतात. डॉक्टर ब्रँडचं नाव लिहितात आणि पेशंटला पाठ असतो तो पहिला शब्द. 'टेल्मा ४०' म्हणजे नुसती टेल्मिसार्टन. 'टेल्मा एच' मध्ये तिच्यासोबत लघवी वाढवणारं हायड्रोक्लोरोथायाझाइड असतं आणि 'टेल्मा एएम' मध्ये अ‍ॅम्लोडिपिन. तिघींचं पहिलं नाव एक आणि काम वेगवेगळं. 'ग्लायकोमेट' ही नुसती मेटफॉर्मिन. 'ग्लायकोमेट जीपी १' मध्ये मेटफॉर्मिनसोबत १ मिग्रॅ ग्लिमेपिराइड, 'जीपी २' मध्ये २ मिग्रॅ. १ च्या जागी २ गेली आणि शेतात जेवायला उशीर झाला तर शुगर खाली उतरून माणूस बांधावरच घामाघूम होऊन बसतो. 'एसआर' ही दोन अक्षरंही सोडायची नाहीत. हळूहळू सुटणाऱ्या मेटफॉर्मिनच्या जागी साधी घेतली की मळमळ आणि जुलाब सुरू होतात, आणि मग 'जनऔषधीची गोळी मानवली नाही' असा बोभाटा गावभर होतो. गोळीचा दोष नसतो, जुळवणीचा असतो. एसआरची गोळी मोडून किंवा कुटूनही घ्यायची नाही.

थायरॉइडच्या थायरॉक्सिनला एक वेगळा नियम. एका कंपनीची चालू असेल तर दर महिन्याला बदलत बसू नका. केंद्राची घ्यायची ठरवली तर तीच धरून ठेवा आणि सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी) तपासून घ्या. फिट्सच्या गोळ्या तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय बदलूच नयेत.

दुकानदाराची बाजूही ऐकली पाहिजे. चिठ्ठीवर ब्रँडचं नाव असेल तर शेड्यूल एचमधल्या, म्हणजे चिठ्ठीवरच द्यायच्या, औषधाच्या जागी दुसरं देण्याची मुभा औषध नियम १९४५ त्याला देत नाहीत, आत घटक तोच असला तरीसुद्धा. म्हणून काउंटरवर वाद घालण्यात अर्थ नाही. चिठ्ठी लिहून होत असतानाच, 'डॉक्टरसाहेब, कंपनीच्या नावाखाली घटकाचं नावही लिहून द्या' एवढं म्हणायचं. जेनेरिक नाव सुवाच्य, शक्यतो मोठ्या अक्षरांत लिहावं, असं वैद्यक परिषदेच्या आचारसंहितेत २०१६ पासून आहे. बहुतेक डॉक्टर मागितल्यावर लिहून देतात.

यापेक्षा गंभीर गोंधळ घरी होतो. जुनी गोळी पांढरी-गोल, केंद्रातली गुलाबी-लांबट. म्हाताऱ्या माणसाला वाटतं ह्या दोन वेगळ्या दवाया आहेत, आणि तो सकाळी दोन्ही घेतो. बीपीची मात्रा दुप्पट होते, उठताना अंधारी येते, आणि दोष पुन्हा केंद्राच्या माथी. उपाय सोपा आहे. नवी स्ट्रिप घरात आली त्याच दिवशी जुनी उचलायची. केंद्रात जाताना रिकामी का होईना, जुनी स्ट्रिप सोबत न्यायची आणि फार्मासिस्टकडून घटकाची ओळ जुळवून घ्यायची. नव्या स्ट्रिपवर पेनानं मराठीत लिहून घ्यायचं: 'बीपी, सकाळी एक'. गोळी कापून देताना नाव आणि मुदतीची तारीख असलेला भाग शेवटपर्यंत राहील अशी कात्री चालवायला सांगायची. चांगला फार्मासिस्ट हे न सांगता करतो. दुकान चांगलं की वाईट, ते या एका कात्रीवरून ओळखता येतं.

आता कूलर. चंद्रपूर, ब्रह्मपुरी, अकोला यांचा पारा मे महिन्यात ४५ च्या पुढे जाणं नवं राहिलेलं नाही. तालुक्याच्या दुकानात उन्हावर तोडगा म्हणजे वाळ्याचा कूलर. माणसाला तो बरा, औषधाला मात्र अर्धाच उपाय, कारण तो हवा थंड करताना ओलावा सोडतो. उष्णता आणि ओल एकत्र आली की काय होतं ते डोळ्यांनी पाहता येतं. ओआरएसच्या पुड्यांत गठ्ठे होतात. जिलेटिनच्या कॅप्सूल मऊ पडून एकमेकींना चिकटतात. अ‍ॅमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलॅनिक अ‍ॅसिडची गोळी ओलीला फार हळवी, तिच्यावर पिवळट-तपकिरी डाग येतात. अ‍ॅस्पिरिनचा पत्ता फोडल्यावर व्हिनेगरसारखा आंबट वास आला तर गोळी बिघडायला लागली आहे. ओलीनं अ‍ॅस्पिरिन फुटून अ‍ॅसिटिक आम्ल तयार होतं, त्याचा तो वास. असा पत्ता परत करा.

म्हणून केंद्रात शिरताना पाहायचं ते हे: एसी आहे का, की कूलरचं तोंड कपाटाकडे आहे? भिंतीवर तापमापक आहे का? पश्चिमेच्या उन्हात तापणाऱ्या शटरला लागून खोकी रचलेली आहेत का? फ्रीज औषधांचाच आहे, की त्यात पाण्याच्या बाटल्याही आहेत? इन्सुलिन २ ते ८ अंशांत राहिलं पाहिजे. ते बर्फाच्या कप्प्यात गोठलं तर फेकायचं, वितळवून वापरायचं नाही. पावसाळ्यात डीपी जळाली की गावाची लाइन कधी कधी दिवसभर येत नाही. फ्रीजला इन्व्हर्टरची जोड आहे का, हा प्रश्न विचारायला लाजू नका. उत्तर गुळमुळीत आलं तर गोळ्या इथून घ्या आणि इन्सुलिन जिल्ह्याच्या ठिकाणाहून, थर्मासमध्ये बर्फाच्या पाकिटाला कपडा गुंडाळून. घरी टिनाच्या छपराखाली औषध ठेवणाऱ्यांनाही हेच लागू. कोनाड्यात, मातीच्या भिंतीला, चुलीपासून आणि माठापासून लांब. चुलीजवळ ऊब, माठाजवळ ओल, दोन्ही वैरी.

साठ्याकडे येतो, कारण बऱ्याचशा तक्रारी तिथल्याच. योजनेच्या यादीत दोन हजारांवर औषधं आणि तीनशेच्या आसपास शस्त्रक्रियेचं व इतर साहित्य आहे. तालुक्याच्या दुकानात त्यातला छोटासा भागच असतो, आणि चालणारी गोळी नेमकी त्याच आठवड्यात संपलेली. हे दुकानदाराच्या आळसामुळेच होतं असं नाही. मेडिकलवाल्याला सकाळी फोन केला की संध्याकाळी जिल्ह्याच्या होलसेलरची गाडी माल टाकते, एका कंपनीची गोळी नसेल तर दुसरीची. केंद्राला मात्र एकाच संस्थेकडून, तिच्याच संगणक प्रणालीतून मागणी नोंदवावी लागते. तिची मोठी गोदामं गुरुग्राम, चेन्नई, बंगळुरू, गुवाहाटी आणि सुरत इथे, म्हणजे विदर्भात एकही नाही. एका घटकाचे पुरवठादार मोजके. एकाची बॅच प्रयोगशाळेत अडकली की देशभरातली कपाटं एकदम रिकामी होतात. दुखणं जुनं आहे. नोव्हेंबर २००८ मध्ये अमृतसरला पहिलं केंद्र उघडलं तेव्हा भिस्त सरकारी औषध कंपन्यांवर होती, त्यात आपल्या पिंपरीची हिंदुस्तान अँटिबायोटिक्सही. त्या कंपन्या तेव्हा स्वतःच आजारी. माल पुरला नाही आणि २०१४ पर्यंत देशात जेमतेम ८० केंद्रं चालू होती. पुढे खासगी कारखान्यांसाठी निविदा खुल्या झाल्या, यादी वाढली, आणि जानेवारी २०२५ मध्ये केंद्रांची संख्या १५ हजारांवर गेली.

आता सरकारनं मासिक मदत साठ्याशी बांधली आहे. योजनेत सर्वाधिक विकली जाणारी १०० आणि बाजारात जास्त खपणारी १००, अशी २०० औषधं ठेवायची, तरच प्रोत्साहन रक्कम. गिऱ्हाइकासाठी हा नियम कामाचा आहे. 'दोनशेच्या यादीत आहे का? मग कधी येईल?' असं विचारलं की दुकानदार ताळ्यावर येतो. 'जनऔषधी सुगम' अ‍ॅपवर जवळचं केंद्र आणि औषधाची किंमत सापडते, पण गावाहून निघण्याआधी दुकानाला फोन करणंच भरवशाचं. औषध संपायच्या दिवशी निघू नका, दहा दिवसांची गोळी शिल्लक असताना जा.

मेडिकल केंद्राला कुठे मात देतं, तेही लिहायला हवं. उधारी. कापूस विकल्याशिवाय आणि सोयाबीनचे पैसे आल्याशिवाय ज्याच्या हातात रोकड नसते, त्याला मेडिकलवाला वहीत लिहून औषध देतो. एवढ्या कमी नफ्यावर चालणाऱ्या केंद्राला ते झेपत नाही. महाग गोळी उधारीवर की स्वस्त गोळी रोखीनं, हा निवाडा जून-जुलैत प्रत्येक घर आपल्या परीनं करतं. शिवाय दवाखान्याच्या आवारातलं केंद्र बहुधा ओपीडीच्या वेळेतच उघडं असतं. रात्रीच्या तापाला त्याचा उपयोग नाही.

एक वस्तू डोळे झाकून घ्यावी अशी: 'सुविधा' सॅनिटरी पॅड, एक रुपयाला एक. खेड्यातल्या मुलींसाठी यापेक्षा स्वस्त आणि बरं काही बाजारात नाही. संपायच्या आत उचला.

पाटी नीट वाचा. 'जेनेरिक' लिहिलेलं प्रत्येक दुकान जनऔषधी नव्हे. खासगी साखळ्यांची दुकानंही त्याच रंगरूपात उभी असतात. त्यात वाईट काही नाही, पण किंमत आणि तपासणीची हमी या योजनेची नसते. खऱ्या केंद्रातही यादीतली गोळी मागितल्यावर 'ती नाही, ही घ्या' म्हणत ब्रँडेड पाकीट पुढे आलं, तर योजनेचं चिन्ह शोधा आणि छापील बिल मागा. बिल द्यायला कां-कूं करणाऱ्या दुकानात दुसऱ्यांदा जायचं कारण नाही.

फार्मासिस्टचा मुद्दा राहिला. फार्मसी कायदा १९४८ च्या कलम ४२ नुसार नोंदणीकृत फार्मासिस्टशिवाय दुसऱ्यानं चिठ्ठीवरचं औषध द्यायचं नाही. प्रत्यक्षात भिंतीवर प्रमाणपत्र एकाचं आणि काउंटरवर पोरगा दुसराच, याला आपल्याकडे 'सर्टिफिकेट लावणं' म्हणतात. मेडिकलमध्ये हे वाईट आहेच, जनऔषधीत जास्त घातक, कारण इथे प्रत्येक गोळी ब्रँडवरून घटकावर आणावी लागते आणि वर सांगितलेल्या सगळ्या चुका तिथेच होतात. प्रमाणपत्रावरचा फोटो आणि समोरचा चेहरा जुळतो का, तेवढं पाहा.

डी.फार्म., बी.फार्म. होऊन बसलेली पोरं आता जिल्ह्याजिल्ह्यात आहेत, आणि कारखाने मात्र लांब. जनऔषधीची स्ट्रिप उलटली की पत्ता अनेकदा हिमाचलातल्या बद्दीचा नाही तर उत्तराखंडातल्या हरिद्वारचा निघतो. केंद्र सरकारनं २००३ मध्ये हिमाचल आणि उत्तराखंडला उत्पादन शुल्कात सूट दिली, तेव्हापासून गोळ्यांचे कारखाने तिकडे लागले आणि नोकऱ्याही तिकडेच गेल्या. औषधनिर्मितीला १५,००० कोटींची उत्पादनाशी निगडित प्रोत्साहन योजना आणि कच्च्या मालासाठी ६,९४० कोटींची दुसरी, ही मदत मोठी आहे. पण बल्क ड्रग पार्क (औषधांच्या कच्च्या मालाच्या कारखान्यांच्या वसाहती) २०२२ मध्ये गुजरात, हिमाचल आणि आंध्रला मिळाले. विदर्भात नागपूरच्या मिहान औद्योगिक क्षेत्रातला ल्युपिन, कळमेश्वरची झिम लॅबोरेटरीज, अशी नावं आहेत, पण सगळी नागपूरच्या आसपास. गडचिरोली-वाशीमच्या पोराला औषध उद्योगातली सरकारी मदत हाताशी लागते ती दुकानाच्या रूपात. ती कितपत पोसते, तेही मांडतो.

जागा किमान १२० चौरस फूट हवी. औषध परवान्याचा १० चौरस मीटरचा नियमही तेवढ्यात भागतो. अर्ज ऑनलाइन, शुल्क ५,००० रुपये, परत न मिळणारं. महिला, दिव्यांग, अनुसूचित जाती-जमाती आणि आकांक्षित (सरकारनं विकासात मागे म्हणून निवडलेल्या) जिल्ह्यातल्या अर्जदारांना ते माफ. विदर्भात गडचिरोली आणि वाशीम आकांक्षित आहेत. मंजुरीनंतर अन्न व औषध प्रशासनाकडून नमुना २० आणि २१ चे औषधविक्री परवाने घ्यायचे. या गटांना एकदाच दोन लाखांची मदत आहे: फर्निचरचे दीड लाख आणि संगणक-प्रिंटरचे ५० हजार. इथे बरेच जण फसतात. ही रक्कम हातात आधी येत नाही, खर्च करून बिलं दाखवल्यावर येते. बिना जीएसटीच्या सुताराकडून कपाटं करून घेतली की बिलाचं घोडं अडतं.

कमाई अशी: कर वगळून एमआरपीवर २० टक्के नफा, आणि महिन्याच्या खरेदीवर २० टक्के प्रोत्साहन, कमाल २०,००० रुपये. म्हणजे महिन्याला एक लाखाची खरेदी केली की मदतीची कमाल मर्यादा गाठली. समजा भाडं ५,०००, फार्मासिस्टचा पगार १५,०००, पोऱ्याचा ८,०००, वीज ४,००० आणि किरकोळ २,०००. खर्च झाला ३४,०००. विक्री ५०,००० असेल तर नफा १०,००० आणि खरेदी ४०,०००, तिच्यावर प्रोत्साहन ८,०००. हाती १८,०००, म्हणजे १६,००० चा खड्डा. हा खर्च भरून निघायला विक्री ९५ हजारांच्या आसपास लागते. तेच दुकान फार्मासिस्टनं स्वतः चालवलं आणि पोऱ्या ठेवला नाही, तर खर्च ११,००० वर येतो आणि ५०,००० च्या विक्रीतही ७,००० उरतात. थोडे आहेत, पण पहिल्या वर्षी दुकान बंद पडत नाही. म्हणून तालुक्याच्या गावी प्रमाणपत्र भाड्यानं आणून केंद्र उघडणाऱ्याला हा धंदा परवडत नाही, आणि फार्मासिस्ट मालक असलेलं केंद्र टिकतं. प्रोत्साहन मागाहून जमा होतं, तोवर पुढची मागणी स्वतःच्या पैशानं भरावी लागते. काही केंद्रं रिकामी दिसतात त्यामागे हेही आहे. मुदत संपलेल्या मालाच्या भरपाईला मर्यादा आहे, म्हणून पहिल्या मागणीत हौसेनं चारशे प्रकार भरू नयेत. गावातल्या दोन डॉक्टरांच्या महिनाभराच्या चिठ्ठ्या पाहून, दोनशेची अट सांभाळून, बाकीचं गिऱ्हाईक मागेल तसं वाढवावं.

२०२३ पासून विविध कार्यकारी सेवा सहकारी सोसायट्यांनाही केंद्र उघडता येतं. कल्पना चांगली, कारण जागा स्वतःची आणि सभासद ओळखीचे. पण सोसायटीचा गाळा म्हणजे एका बाजूला युरियाच्या थप्प्या आणि दुसऱ्या बाजूला फवारणीच्या औषधांचे डबे. त्याच हवेत गोळ्या ठेवता येत नाहीत. औषधाच्या खोलीला छतापर्यंत भिंत, स्वतंत्र दार आणि स्वतंत्र कुलूप हवं, नाहीतर तपासणीला आलेला औषध निरीक्षक परवान्याचा कागद पुढे सरकवणार नाही. आणि हंगामात खताची रांग लागली की सचिवानं मध्येच उठून बीपीची गोळी द्यायची नाही. तिथे फार्मासिस्टच लागतो.